एका अक्षराने काय होतं?

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॉटचा संच सुरू करताना बॉयलरमध्ये थेट कोळसा सोडत नाहीत. आधी पंखे लावून भट्टीत साचलेले वायू बाहेर काढतात, मग तेलाच्या ज्योती पेटवतात आणि भट्टी तापल्यावरच दळलेला कोळसा आत जातो. हा क्रम चुकला तर स्फोट होऊ शकतो. म्हणून एक पायरी पूर्ण झाल्याची खूण मिळेपर्यंत नियंत्रण यंत्रणा पुढची पायरी उघडतच नाही. ठरलेली कामं क्रमाने करवून घेणारी अशी यंत्रणा म्हणजे सिक्वेन्सर.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत 555 टायमर ठेका देतो आणि 4017 ही चिप प्रत्येक ठोक्याला पुढचा दिवा लावते. दिव्यांच्या जागी सूर आले की संगीताचा सिक्वेन्सर तयार. रोलँड कंपनीच्या टीबी-303 या यंत्रात तीनतालाच्या मात्रांइतक्याच, म्हणजे 16 पायऱ्यांची आवर्तनं भरता येत. संगीतकार चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये खर्जासाठी हे यंत्र वापरलं आणि त्यावर सिंथेसायझरने राग वाजवले.

जीवशास्त्रातला सिक्वेन्सर मात्र क्रम लावत नाही, निसर्गाने लावलेला वाचतो. प्रचलित पद्धतीत डीएनएच्या तुकड्याची नक्कल एकेक अक्षर जोडत होते. चार अक्षरांना वेगवेगळे चमकणारे रंग दिलेले असतात. प्रत्येक जोडणीनंतर कॅमेरा फोटो घेतो आणि संगणक असे असंख्य तुकडे जुळवून पूर्ण मजकूर मांडतो.

याचं मोल विदर्भाने अनुभवलं आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला भागात कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढले. आरटी-पीसीआर चाचणी विषाणू आहे की नाही एवढंच सांगत होती; तो बदलल्याचं क्रमवाचनातून कळलं. विषाणूच्या आरएनएतल्या सुमारे 30 हजार अक्षरांपैकी 22,917 व्या जागी ‘यू’ऐवजी ‘जी’ आलं होतं. तेवढ्याने काटेरी प्रथिनातल्या 452 व्या जागी ल्यूसिनऐवजी आर्जिनिन बसलं आणि काही प्रतिपिंडांची पकड सैल झाली. हाच बदल बाळगणाऱ्या एका भावंडाला मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ नाव दिलं.

विषाणू नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचण्याची वाट पाहत नाही. पुढे नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेतही कोरोना विषाणूचं क्रमवाचन झालं. अशी सोय प्रत्येक विभागात, साथ नसतानाही, चालू राहायला हवी. बदल रुग्णसंख्येत दिसण्याआधी अक्षरांत दिसतो, आणि तयारीचे दिवस त्या दोहोंच्या मधलेच असतात.