बेंगळूरचा धडा, निपाणीचा बसस्टँड

सुखदेव थोरात आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला अहवाल दिला, तेव्हापासून सीमाभागात दोनच प्रश्न चघळले जात आहेत. शाळेत भाषा दोन की तीन, आणि माध्यम कुठल्या इयत्तेपर्यंत मातृभाषेचे? त्याआधी पलीकडे महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान उठले होते आणि २९ जूनला सरकारला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. या दोन्ही वादांत इंग्रजीच्या केसालाही धक्का लागला नाही. ती राहणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. ती शिकवायला उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या हातात काय आहे, याची चौकशी मात्र दोन्ही राजधान्यांत फारशी झाली नाही.

खानापूर तालुक्यातल्या किंवा निपाणीजवळच्या मराठी शाळेतले सहा वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणा. घरी मराठी. कर्नाटकाने २००७-०८ पासून सरकारी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आणली आणि २०१५ च्या कायद्याने कन्नड सर्व शाळांत आवश्यक केली. म्हणजे देवनागरीतला 'क' अजून नीट वळत नाही तोवर कन्नड वर्णमाला आणि रोमन अक्षरे शेजारी येऊन बसतात. तीन लिप्यांचे ओझे एवढ्या लवकर उचलणारी मुले देशात फार ठिकाणी नसतील. मुले ते उचलतात, हे खरे आहे. निपाणीच्या बाजारात मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू कानांवर पडतच असतात, त्यामुळे भाषा बदलणे त्यांना अवघड वाटत नाही. अवघड जाते ते शिक्षकाला. त्याचे स्वतःचे शिक्षण मराठीतून झालेले असते, वर्गात दोन-तीन इयत्ता एकत्र बसलेल्या असतात, आणि कामापुरती सोडली तर इंग्रजी तो कुठेच बोलत नसतो.

अशा शिक्षकाला सगळे एकच सांगतात, ऑनलाइन सगळे आहे. आहेही. केंद्राचा 'दीक्षा' मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून थेट धड्याच्या चित्रफितीपर्यंत जाता येऊ लागले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याची वाट आपल्याच भागाने दाखवली, हे अभिमानाने सांगायला हवे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ते आधी करून पाहिले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. त्याखेरीज ब्रिटिश कौन्सिलचे 'टीचिंग इंग्लिश' आहे, यूट्यूबवर फोनिक्सच्या गाण्यांचा पूर आहे, रंगीत वर्कशीट तर मोजता येणार नाहीत इतक्या आहेत.

तरीही सीमाभागातल्या शिक्षकांशी बोलताना एक तक्रार वारंवार ऐकू येते. शोधायला बसले की तास जातो आणि उद्याच्या तासाला वापरावे असे हाती काही लागत नाही. मला ही तक्रार रास्त वाटते.

एक कारण सीमेचेच आहे. दीक्षावर शिरताना आधी बोर्ड निवडावे लागते. महाराष्ट्र निवडले तर बालभारतीची पुस्तके येतात, समजावणे मराठीत असते, पण धडे वेगळे. कर्नाटक निवडले तर धडे आपले. कर्नाटकाचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठीसह सात माध्यमांत पुस्तके काढते, हे त्याचे मोठेच काम आहे. पण पुस्तकाभोवतीचे पूरक साहित्य बहुतेक कन्नड आणि इंग्रजीतच तयार होते. बेंगळूरच्या 'आयटी फॉर चेंज' संस्थेने शिक्षकांना सोबत घेऊन उभारलेला मुक्त साहित्याचा मंच असो, की मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि शिक्षणा फाउंडेशन यांनी सरकारी शाळांत करून पाहिलेला 'शिक्षा कोपायलट' हा पाठनियोजनाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस असो, भाषा याच दोन. टाळेबंदीच्या काळातही हेच झाले. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, ती सीमाभागातल्या मुलांना कळायची पण पुस्तकाशी जुळायची नाही. चंदन वाहिनीवरचा 'संवेद' पुस्तकाशी जुळायचा, पण भाषेत अडायचा.

दुसरे कारण साहित्य कुठून येते, हे आहे. परदेशी संकेतस्थळांवरच्या लहान मुलांच्या पाठांत हॅलोविनचे भोपळे असतात, बर्फाचा माणूस असतो, पॅनकेकचा सण असतो. शब्द शिकवण्याआधी ती वस्तूच समजावून सांगावी लागते. शिवाय हे सगळे दुसऱ्याच्या पैशावर उभे असते. व्हॉइस ऑफ अमेरिका १९५९ पासून सोप्या शब्दांत, संथ लयीत इंग्रजी कार्यक्रम देत आली. शिक्षकाचा कान तयार करायला त्याहून चांगले काही मला माहीत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने त्या संस्थेचे कामच थांबवले. म्हणून चांगले काही सापडले की ते उतरवून, छापून शाळेच्या कपाटात ठेवावे.

पण तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि त्यासाठी सुमारे पंचेचाळीस वर्षे मागे, बेंगळूरला जावे लागेल. १९६३ मध्ये तिथे दक्षिणेतल्या राज्यांसाठी रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था स्थापन झाली. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमधले एन. एस. प्रभू यांनी १९७९ मध्ये या संस्थेतल्या सहकाऱ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला आणि तो १९८४ पर्यंत चालवला. जगभरच्या भाषाशिक्षणात तो 'बँगलोर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो. कार्याधारित भाषाशिक्षणावरचा कुठलाही ग्रंथ उघडा, सुरुवातीच्या पानांत हे नाव भेटतेच. आपल्याकडच्या डीएडच्या विद्यार्थ्याला मात्र ते क्वचितच सांगितले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रभूंचे म्हणणे सरळ होते. मुलाचे लक्ष भाषेवर नसून अर्थावर असते, तेव्हा भाषा आत मुरते. म्हणून त्यांनी व्याकरणाचा क्रमच बाजूला ठेवला. आज वर्तमानकाळ, उद्या भूतकाळ, असे काही नाही. रोज एक कोडे. रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, दिनदर्शिका, वस्तूंचे भाव, जन्मवर्षावरून वय. वर्ग साधे, प्रादेशिक माध्यमाच्या शाळांतले. साधने म्हणजे खडू, फळा आणि कागद. तासाचे दोन भाग असत. आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर तसलेच एक कोडे प्रश्न विचारत विचारत सोडवी. मग त्याच्याच जोडीचे दुसरे कोडे प्रत्येक मूल एकट्याने सोडवी. गटकार्याचा आग्रह प्रभूंनी धरला नाही. मुले आपापसांत बोलली तर तुटकी इंग्रजीच एकमेकांना देतील, शिक्षकाची इंग्रजी त्यांच्या कानांवर पडली पाहिजे, असे त्यांना वाटे. नुसती माहिती इकडून तिकडे देण्यापेक्षा दिलेल्या माहितीवरून तर्क करायला लावणारी कोडी त्यांना जास्त पसंत होती.

१९८५ मध्ये ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी या वर्गांचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. रचनांवरच्या नेहमीच्या परीक्षेत जुन्या पद्धतीने शिकलेली मुले पुढे राहिली, पण कार्यावर आधारलेल्या परीक्षेत आणि संदर्भातल्या व्याकरणात प्रभूंची मुले सरस ठरली. मात्र बेरेटा यांनीच पुढे दाखवून दिले की प्रशिक्षक असलेल्या तज्ज्ञांना ही पद्धत जमली, नेहमीच्या शाळेतले बरेच शिक्षक तिच्यात अडखळले. टीकाकारांनी यावरून प्रयोगावर शिक्का मारला. मी त्यातून वेगळे काही वाचतो. शिक्षक अडखळला तो नेमका प्रश्नांच्या साखळीवर. मूल अर्धवट उत्तर देते, चुकते, मराठीत बोलते, त्या क्षणी पुढचा प्रश्न सोप्या इंग्रजीत कसा विचारायचा, हे तोंडी आले पाहिजे. ते कुठल्याच वर्कशीटवर छापलेले नसते.

आजचे ऑनलाइन साहित्य नेमके इथेच उणे पडते. मुलाने काय भरायचे, काय रंगवायचे, काय ऐकायचे, याचे ढीग आहेत. शिक्षकाने वर्गात काय बोलायचे, हे फार थोड्या ठिकाणी आहे. पाठनियोजनात एक ओळ असते, विद्यार्थ्यांशी चित्राविषयी चर्चा करा. त्या एका ओळीत ज्याची इंग्रजी कच्ची आहे त्याचा सगळा घाम निघतो. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने हे ओळखले होते. त्यांच्या 'वी लर्न इंग्लिश' या रेडिओ कार्यक्रमात इंग्रजी आणि मुलांची भाषा दोन्ही असत, आणि वर्गातल्या मुलांबरोबर शिक्षकही बोलायला शिके.

उदाहरणच घेऊ. निपाणीचा बसस्टँड. महाराष्ट्राच्या लाल गाड्या कोल्हापूरहून येतात, वायव्य कर्नाटकच्या गाड्या संकेश्वरवरून बेळगावला जातात. आसपासच्या गावांतले कुठले मूल इथे उभे राहिलेले नाही? समजा, एका मुलीला बेळगावात ११ वाजता परीक्षा आहे. ती कोल्हापूरहून येते आणि साडेसातला निपाणीत उतरते. फळ्यावर बेळगावच्या तीन गाड्या लिहा, ७.१५, ८.०० आणि ९.१५. प्रवास दोन तासांचा, उतरल्यावर केंद्रापर्यंत अर्धा तास. शिक्षकाचे प्रश्न असे जातील. व्हेअर इज शी ॲट सेव्हन थर्टी? कॅन शी टेक द सेव्हन फिफ्टीन बस? व्हाय नॉट? इफ शी टेक्स द एट ओ'क्लॉक बस, व्हेन डज शी रीच बेळगाव? मुले आधी 'नो, गेली ती' म्हणतील. म्हणू देत. शिक्षकाने यस, इट हॅज गॉन, असे म्हणून पुढे जायचे. या एका वाक्यात पूर्ण वर्तमानकाळ आला आणि कोणाला कळलेही नाही. मग उलटा प्रवास, मग आजीला सोबत घेऊन, मग रविवारचे वेळापत्रक. गाड्या बदलल्या की नवा तास तयार.

हा तास कागदावर वाचून शिकवता येत नाही. एखाद्या मुरलेल्या बाईंनी तो खऱ्या वर्गात घेतलेला, मुलांच्या चुकांसकट, पंधरा मिनिटांच्या ध्वनिफितीत ऐकायला मिळाला पाहिजे. चित्रफीतही नको, आवाज पुरे. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क जिथे धाप टाकते, तिथेही ती व्हॉट्सॲपवरून पोचेल. सोबत पानभर टिपण असावे. मुले मराठीत काय म्हणतील, त्यावर इंग्रजीत काय म्हणायचे. मराठीत आणि कन्नडमध्येही 'अ', 'ॲन', 'द' नाहीत, क्रियापद शेवटी येते, म्हणून मुले नेमकी कुठे चुकणार हे आधीच माहीत आहे. परदेशी साहित्याला ते माहीत असायचे कारण नाही.

वाचनासाठी मात्र एक जागा मी हात धरून दाखवीन. बेंगळूरच्याच प्रथम बुक्सने सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू केलेले 'स्टोरीवीव्हर'. गोष्टी चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत, आणि कित्येक गोष्टी त्याच चित्रांसह मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत मिळतात. सोमवारी मराठीत वाचलेली गोष्ट बुधवारी कन्नडमध्ये आणि शुक्रवारी इंग्रजीत वाचली तर तीन लिप्यांचे ओझे एकमेकांना आधार देऊ लागते. परवाना मुक्त आहे. उतरवून घ्या, छापा, नावनिर्देश ठेवून बदल करा, गोष्ट नसेल तर स्वतः भाषांतर करून चढवा. तीन भाषांची इतकी नेमकी सोय सीमाभागाला दुसरीकडे कुठे सापडेल असे मला वाटत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाकडेही वर्गात काय बोलायचे तेच मागावे. त्याला 'चौथीसाठी पाठनियोजन दे' असे विचारले तर गुळगुळीत, कुठेही चालेल असा कागद मिळतो. त्याला मराठीत सांगा की माझी मुले असे उत्तर देतील, मला पुढचे पाच प्रश्न सोप्या इंग्रजीत हवेत. मग त्याच्याशी मोठ्याने बोलून सराव करा. वर्गासमोर अडखळण्याची लाज ज्यांना वाटते त्यांना हा सराव एकांतात करता येतो. मिळालेले प्रश्न मात्र आपल्या वर्गावर पारखूनच वापरायला हवेत.

हे सगळे एकेका शिक्षकावर सोडून चालणार नाही. महाराष्ट्रात 'तेजस' प्रकल्पात ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकारने काही जिल्ह्यांत शिक्षकांचे छोटे गट बांधले होते. ते ठरावीक काळाने भेटत, एखादी कृती करून पाहत आणि मधल्या काळात फोनवर बोलत. बेळगाव आणि चिकोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, सीआरपींच्या, म्हणजे समूह साधन व्यक्तींच्या, बैठका होतच असतात. त्यातला एक तास मराठी शाळांच्या इंग्रजी शिक्षकांना द्यावा. प्रत्येक गटाने सत्रात दोन तास ध्वनिमुद्रित करावेत. सीमाभागातल्या ८६५ गावांवर हक्क सांगणाऱ्या महाराष्ट्रानेही इथे हात पुढे करावा. बालभारती आणि पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांनी कर्नाटकाच्या इंग्रजी पुस्तकांतल्या धड्यांना मराठीतून शिक्षकटिपणे करून मुक्त परवान्याने द्यावीत. त्याला सीमाप्रश्नावरच्या न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही आणि कर्नाटकाला हरकत घ्यायलाही कारण उरत नाही. देवचंद महाविद्यालयाचे उदाहरण समोरच आहे. ते महाराष्ट्राच्या हद्दीत अर्जुननगरला उभे आहे आणि निपाणीची मुले तिथे रोज चालत जातात. तिथल्या इंग्रजी विभागाने पहिल्या दहा ध्वनिफितींचे काम अंगावर घ्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. बसस्टँडचा तास त्यांनी जरूर वापरावा.