खारीची जखम : उपचार आणि कुरतडण्यास प्रतिबंध

सेतुबंधाच्या कथेतील खार मराठी माणसास बालपणापासून परिचित आहे. ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग त्या कथेतूनच रूढ झाला. बेळगाव, निपाणी, चिकोडी व खानापूर या भागांत कौलारू घरांची आढी, चिंच-आंब्याची झाडे आणि भुईमुगाची खळी ही खारीची नेहमीची ठिकाणे होत. पावसाळी वाऱ्यात घरटे कोसळून खाली पडलेले पिलू मुलांनी घरी आणावे व लळा लागून ते घरातच वाढावे, हा प्रकार खेड्यापाड्यांत नवीन नाही. अशी खार मांजराच्या तावडीत सापडली, दारात चेंगरली किंवा पिंजऱ्याच्या तारेने कापली गेली, म्हणजे घरची माणसे गोंधळून जातात. पुष्कळदा मूळ जखमेपेक्षा तिच्यावर केलेले अयोग्य उपचार आणि खारीने स्वतःच ती जखम कुरतडणे, या दोन कारणांनीच तिचा जीव धोक्यात येतो.

प्रथमोपचार

पूर्ण वाढलेल्या साध्या खारीचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. प्राण्याच्या शरीरात वजनाच्या साधारण सात ते आठ टक्के रक्त असते, हे लक्षात घेता खारीच्या अंगात सर्व मिळून सात-आठ मिलिलिटर, म्हणजे लहान दीड चमचाच रक्त असते. माणसाच्या दृष्टीने क्षुल्लक वाटणारे काही थेंबही तिला भारी पडतात. म्हणून रक्त वाहत असल्यास स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर सुमारे पाच मिनिटे हलक्या हाताने दाबून धरावी. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी घडी वारंवार उचलू नये.

खारीस पकडताना टॉवेल अंगावर टाकून तिला अलगद गुंडाळावे. शेपटीस धरून उचलू नये. शेपटीची कातडी ओढीने सोलून निघते आणि ती जखम सहसा भरून येत नाही. त्यानंतर तिला हवेसाठी भोके पाडलेल्या खोक्यात, शांत व अंधाऱ्या जागी ठेवावे. खोक्याच्या एका बाजूस कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. एकाच बाजूस ऊब असली म्हणजे उकडू लागल्यास खारीस दूर सरकता येते. अंग गार पडलेले असताना तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन प्राणी गुदमरतो.

जखम धुण्याची रीत

एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड लहान चमचा मीठ विरघळवावे. पाणी कोमट झाल्यावर सुई काढलेल्या पिचकारीने जखमेवर बारीक धार सोडावी. त्यामुळे माती, केस व सुकलेले रक्त निघून जाते. नंतर औषधांच्या दुकानात मिळणारे पोव्हिडोन आयोडीन याच मिठाच्या पाण्यात मिसळून त्याने जखम पुसावी. मिश्रणाचा रंग कोऱ्या फिक्या चहासारखा असावा; त्याहून गडद मिश्रण नाजूक पेशींना हानी पोहोचवते. स्पिरिट व टिंक्चर आयोडीन यांनी आग होते आणि जखम भरून येण्यास विलंब लागतो. मलमाचा जाड थरही देऊ नये, कारण खार तो लगेच चाटून टाकते.

तंबाखू, चुना व फिनेल टाळावे

निपाणीचा परिसर विडी-तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. तंबाखूचा चुरा घरोघर हाताशी असतो आणि बैलाच्या जखमेत किडे पडल्यास तो दाबण्याची जुनी रीत आहे. ही रीत खारीच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकते. तंबाखूतील निकोटीन हे विष ओल्या त्वचेतूनही शरीरात शिरते. ओला पाला हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ व चक्कर येते ती यामुळेच. उघड्या जखमेतून तर ते अधिकच वेगाने भिनते. बैल ४०० किलो वजनाचा धरला, तर तो खारीच्या चार हजार पट भरतो. बैलास सोसेल अशी चिमूटभर पूड खारीस किती जड जाईल, हे यावरून ध्यानी यावे. शिवाय खार ती चाटते, म्हणजे विष पोटातही जाते. चुना मांस जाळतो. फिनेल, रॉकेल व टर्पेंटाईन कातडी भाजून काढतात.

पावसाळ्यात माशा उघड्या जखमेवर अंडी घालतात आणि ती साधारण एका दिवसात फुटून अळ्या होतात. म्हणून जखमी खार जाळीखाली ठेवावी. अळ्या दिसल्यास त्या चिमट्याने काढण्याचे काम पशुवैद्यांकडूनच करून घ्यावे.

खार जखम का कुरतडते?

खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी कुरतडणे ही तिची नैसर्गिक गरज आहे. ही गरज भागली नाही, तर तिचे दात पट्टीकडे व टाक्यांकडे वळतात. वेदना, खाज, घट्ट बांधलेली पट्टी आणि जखमेतून येणारा पू ही कुरतडण्याची अन्य कारणे होत. नस दुखावली असेल, तर त्या अवयवास मुंग्या येतात व खार स्वतःचा पाय किंवा शेपटी चावत सुटते. अरुंद पिंजऱ्यातील रिकामपणाही या सवयीस कारणीभूत होतो.

प्रतिबंधाचे उपाय

प्रथम कारण शोधावे. पट्टी घट्ट असल्यास सोडवावी. लहान व कोरडी जखम उघडी ठेवणेच हितावह असते. वेदनाशामक औषध पशुवैद्यांनी वजन करून ठरविलेल्या मात्रेतच द्यावे. माणसांच्या गोळीचा तुकडा अंदाजाने देणे धोक्याचे आहे.

दुसरा उपाय दातांना काम देण्याचा. पिंजऱ्यात आंबा, पेरू किंवा कडुनिंब यांच्या सालीसह ताज्या फांद्या, टणक कवचाच्या बिया व समुद्रफेसाचा तुकडा ठेवावा. केवळ भुईमुगाच्या शेंगांवर वाढविलेल्या खारीस चुन्याचे क्षार, म्हणजे कॅल्शियम, कमी पडते व तिची हाडे ठिसूळ होतात. नाचणी आणि शेवग्याचा पाला या भागात सहज मिळतो. त्यांचा आहारात समावेश करावा.

तिसरा उपाय अडसराचा. मळणीच्या वेळी बैलास मुसके बांधतात, त्याच तत्त्वावर जखमी प्राण्याच्या गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी घालतात. कुत्र्यासाठी ती एक्स-रेच्या जुन्या फिल्मचीही करता येते. खारीसाठी मात्र हलकी, मऊ कडांची पट्टी हवी आणि ती पशुवैद्यांकडूनच बसवून घ्यावी. पट्टीमुळे खारीस खाता येते की नाही, तिचा पाय अडकत नाही ना, हे वरचेवर पाहावे. पट्टीने खार भेदरून खाणे सोडीत असेल, तर ती काढावी आणि तिच्यावर नजर ठेवून तिचे लक्ष फांदीकडे वळवावे.

पशुवैद्यांकडे केव्हा न्यावे?

मांजराने चावलेली खार वरून धडधाकट दिसली, तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यावी. मांजराच्या दातांची छिद्रे बारीक पण खोल असतात आणि त्यांतून शिरलेले जंतू एक-दोन दिवसांत प्राण घेऊ शकतात. हाड दिसणे, दुर्गंधी, सूज, अळ्या, खाणे बंद होणे व स्वतःचा अवयव चावणे या लक्षणांतही विलंब करू नये. उपचार करताना माणसास चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खार ही वन्य प्राणी

खार ही कुत्र्या-मांजरांसारखी पाळीव जात नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात अनुसूचित वन्य प्राणी पकडणे किंवा सापळ्यात अडकविणे हेही ‘शिकार’ या व्याख्येत येते. म्हणून जखमी खार सापडल्यास प्रथमोपचार करून वनविभागास कळवावे. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ हाच आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्याच्या परिसरात आढळणारी मोठी शेकरू जखमी अवस्थेत मिळाल्यास ती घरी मुळीच ठेवू नये.

पिलू सापडल्याबरोबर ते उचलून आणण्याची घाई मुलांनी करू नये, हे शिक्षकांनी वर्गात समजावून सांगावे. पिलू धडधाकट असेल, तर त्यास मऊ फडके घातलेल्या टोपलीत झाडाखाली ठेवून दूर उभे राहावे व मांजर-कुत्र्यांना हाकलीत राहावे. मादी पुष्कळदा परत येऊन त्यास उचलून नेते. असे पिलू घरच्या पिंजऱ्यात वाढत नाही आणि पुढचे जखमांचे बरेचसे प्रसंगही टळतात.