ग्रॅडियस : कॅप्सूल खर्चावी की राखावी?

१९८५ साली जपानमधल्या गेम पार्लरांत ‘ग्रॅडियस’ आला, तेव्हा सकाळी यंत्र चालू केल्याबरोबर तो खेळता येत नसे. कोनामी कंपनीने तो बबल मेमरीवर साठवला होता आणि ही मेमरी पुरेशी तापल्याशिवाय वाचली जात नसे. तोवर पडद्यावर उलटी मोजणी चाले आणि एक प्रसन्न धून वाजत राही. जपानी खेळाडूंनी तिचं नाव ‘मॉर्निंग म्युझिक’ ठेवलं. मेमरी महाग आणि नाजूक निघाली. पुढे हाच खेळ साध्या रॉम चिपवर आला.

हिरोयासू माचिगुची यांच्या चमूने सुरुवात केली होती ती कोनामीच्याच १९८१च्या ‘स्क्रॅम्बल’चा पुढचा भाग करायला. डावीकडून उजवीकडे सरकणारं आकाश, खाली-वर डोंगर, मधून उडणारं एकटं यान हा साचा तिथलाच. नवी होती ती पडद्याच्या तळाशी असलेली सहा घरांची पट्टी. शत्रूची पूर्ण तुकडी पाडली की कॅप्सूल मिळते आणि पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो : वेग, क्षेपणास्त्र, डबल, लेझर, ऑप्शन, ढाल. बटण दाबलं की उजेड ज्या घरावर असेल ते शस्त्र मिळतं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एका कॅप्सूलमध्ये वेग घ्यावा, की जीव मुठीत धरून पाचवीपर्यंत थांबावं आणि ऑप्शन मिळवावा? गोळ्या चुकवता चुकवता हा निर्णय घ्यावा लागतो. माझ्या मते ‘ग्रॅडियस’चं मोठेपण याच पट्टीत आहे.

ऑप्शन म्हणजे यानामागून येणारा चकाकता गोळा. तो यानाइतकाच मारा करतो आणि यान ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने येतो. यान थांबलं की तोही जागच्या जागी थांबतो. म्हणून कसलेला खेळाडू आधी वर-खाली वळण घेतो, गोळे उभ्या रांगेत आणतो आणि मग स्थिर राहून शत्रू म्हणून येणाऱ्या मोआई पुतळ्यांच्या उघड्या तोंडांवर एकदम भडिमार करतो. यान मात्र एकदा फुटलं की सगळं जातं. मागच्या टप्प्यावर पुन्हा उभं राहायचं ते मंद आणि जवळपास निःशस्त्र.

१९८६मध्ये हा खेळ निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला. पार्लरच्या यंत्रात मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता. फॅमिकॉममध्ये कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट आणि एका आडव्या रेषेत ८ स्प्राइटच (हलती छोटी चित्रं) दिसू शकत. त्यामुळे चार ऑप्शनचे दोन झाले, लांबलचक लेझर आखूड झाला, गर्दीत खेळ रेंगाळतो. तरीही पट्टी, पुतळे आणि मिकी हिगाशिनो यांचं संगीत टिकलं. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे रूपांतर करणाऱ्यांना अचूक कळलं होतं.

त्यांच्यातले काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःलाच हा खेळ फार अवघड जाई. चाचणीसाठी त्यांनी एक किल्ली ठेवली : खेळ थांबवून वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. दाबताच यान जवळपास पूर्ण सज्ज! ही किल्ली विकायच्या खेळातही राहिली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे ‘व्हिडिओ गेम’ मिळत, ते बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला. त्यावर कोनामीचाच ‘कॉन्ट्रा’ खेळताना ३ऐवजी ३० जीव मिळवणाऱ्या मुलांची बोटं याच क्रमाने फिरत. हाशिमोतो फेब्रुवारी २०२०मध्ये गेले.

आज परत खेळताना फॅमिकॉमचा ‘ग्रॅडियस’ मला पार्लरच्या खेळाची दुबळी नक्कल वाटत नाही. दोनच ऑप्शन असल्याने प्रत्येकाची किंमत वाढते आणि पट्टीवरचा निर्णय जास्त टोकदार होतो. निन्टेंडोच्या स्विचवरील जुन्या खेळांच्या संग्रहात तो २०१८पासून आहे. मिळाला तर नक्की खेळा. आणि किल्ली पाठ असली, तरी पहिला डोंगर तिच्याशिवाय ओलांडा.