बिनटायची जर्मन जहाजे



जहाज म्हटले की कोणाला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच आठवेल, कोणाला धान्य-खते वाहणारी मोठी बोट. आज तिसऱ्याच तऱ्हेच्या जहाजांची माहिती देणार आहे. ही जहाजे माल वाहत नाहीत, आणि माणसाला या गावाहून त्या गावालाही पोचवत नाहीत. आठवडाभर समुद्रात फिरवतात, वाटेत चार बंदरे दाखवतात आणि बहुधा जिथून नेले तिथेच आणून सोडतात. जर्मन भाषा बोलणारी माणसे त्यांवर हौसेने सुटी घालवतात.

तुम्ही म्हणाल, साहेब, आम्हाला याचे काय? कोकण-गोव्याची पोरे जहाजावर पूर्वीपासून जातात. आता हॉटेलचा कोर्स केलेली घाटावरची पोरेही चौकशी करू लागली आहेत. तेव्हा ही जहाजे कशी चालतात ते घरच्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असावे.

सरकारी सुटीपासून सुरुवात

यातल्या सर्वात नावाजलेल्या ‘आयडा’ जहाजांचे मूळ पूर्व जर्मनीतल्या रोस्टॉक बंदरात आहे. १९६० साली तिथल्या सरकारने कामगारांच्या सुटीसाठी स्वीडनकडून एक जुने जहाज घेतले. १९५६ साली अमेरिकेजवळ ज्याच्या धडकेने ‘आंद्रेआ डोरिया’ हे इटालियन जहाज बुडाले, ते ‘स्टॉकहोम’ हेच. त्याला ‘राष्ट्रांची मैत्री’ अशा अर्थाचे नवे नाव दिले. कामगार संघटनेमार्फत त्यावर जागा मिळत. काही प्रवाशांनी मात्र संधी साधून समुद्रात उड्या टाकल्या आणि पश्चिमेकडे पळ काढला.

१९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. सरकारी जहाज कंपनी खाजगी मालकांकडे गेली आणि नवे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले.

टाय काढला, पंगत मोडली

त्या काळी जहाजाची सहल म्हणजे श्रीमंत वृद्धांचा शौक. रात्रीच्या जेवणाला कोट-टाय हवा, टेबल ठरलेले, वेळ ठरलेली. साधा नोकरदार, लेकुरवाळे जोडपे तिकडे फिरकत नसे. रोस्टॉकच्या कंपनीने ही सगळी बंधने काढून टाकायचे ठरवले. १९९६ साली फिनलंडमधल्या तुर्कू येथे बांधलेले ‘आयडा’ समुद्रात आले. लांबी १९३ मीटर, प्रवासी सुमारे बाराशे. हवे ते कपडे घाला, मांडून ठेवलेल्या पदार्थांतून हवे ते ताटात घ्या, हवे तिथे बसा. मुलांना खेळ, मोठ्यांना व्यायाम. फेलिक्स ब्युटनर या चित्रकाराने जहाजाच्या नाकावर लाल ओठ रंगवले. तीच त्याची खूण झाली.

लोक लगेच धावले नाहीत. १९९७ साली जहाज नॉर्वेच्या नावाने चालणाऱ्या एका कंपनीला विकून त्यांच्याकडूनच भाड्याने घ्यावे लागले. राहते घर विकून त्यातच भाडेकरू व्हावे, तसे. पण हळूहळू गिऱ्हाईक जमले. पुढे कंपनी इंग्रजांच्या पी. अँड ओ.कडे आणि २००३ साली अमेरिकेच्या कार्निव्हल समूहात गेली. आज कचेरी रोस्टॉकला, मालकी अमेरिकन समूहाची आणि जहाजावर झेंडा इटलीचा! २००९ साली हॅम्बुर्गच्या टुई क्रूझेसने ‘माइन शिफ’, म्हणजे ‘माझे जहाज’, या नावाने जर्मनांसाठीच दुसरा ताफा सुरू केला.

सुखाचा भार कोणावर?

२०१८ साली आलेले ‘आयडानोव्हा’ ३३७ मीटर लांब आहे. त्यावर साडेसहा हजारांपर्यंत प्रवासी आणि सुमारे दीड हजार कर्मचारी राहतात. एक मोठे गावच म्हणा. बंदरात आणि समुद्रात द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारे हे पहिलेच प्रवासी सहलीचे जहाज.

ते बांधले गेले पापेनबुर्गला, समुद्रापासून बरेच आत, एम्स नदीकाठी. तयार जहाज कुरणांमधून, चरणाऱ्या गाईंच्या शेजारून समुद्राकडे नेतात. त्यासाठी नदी खोल केली. २००२ साली खाली बांधलेल्या बांधाची दारे लावून पाणी चढवतात, मग जहाज तरते. पण खोल केलेल्या पात्रात भरतीबरोबर गाळ येऊन साठू लागला, उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटला आणि मासळी संकटात आली. नदी सुधारण्यासाठी २०१५ साली सरकार, जहाज कारखाना आणि निसर्गसंस्थांना मिळून करार करावा लागला. पाण्याची वाट बदलली की त्याचे देणे कोणाला तरी द्यावे लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा भार कर्मचाऱ्यांवर. स्वयंपाकघरात, खोल्यांच्या सफाईत फिलिपाईन्स, इंडोनेशिया, भारत अशा देशांची माणसे असतात. पाहुण्याला सुटी असते, त्यांना नसते. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. म्हणजे आठ तासांच्या पाळीचा हिशेब तिथे धरू नये. काम महिनोन्‌महिने सलग चालते. पाहुण्यांशी बोलायच्या जागांसाठी जर्मन भाषा लागते. २०२० साली साथीत जहाजे थांबली, तेव्हा गोव्याचे अनेक खलाशी महिनोन्‌महिने घरी येऊ शकले नव्हते.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे

१. भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना आहे का, ते खात्याकडूनच तपासून घ्या.

२. नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे या कराराने निषिद्ध आहे. भारताने तो २०१५ साली मान्य केला. पासपोर्ट, खलाशी-पुस्तिका आणि ठराविक वैद्यकीय दाखला एवढाच खर्च आपला. व्हिसाचा खर्च आपल्या माथी मारता येत नाही.

३. पगार, मुदत आणि परतीचे भाडे करारपत्रात लिहिलेले असावे. मुदत संपल्यावर घरी आणण्याचा खर्च मालकाचा असतो. करारपत्राची प्रत घरी ठेवा.

मुलगा जाऊ इच्छित असेल तर त्याला अडवू नका. जग पाहील, चार पैसे मिळवील. मात्र कोणी दोन-तीन लाख आगाऊ मागितले, तर त्यासाठी जमीन गहाण टाकू नका. परवाना असलेला भरतीदार असे पैसे मागू शकत नाही. जो मागतो, त्याच्याकडे बहुधा जहाजही नसते.