मोजली ती जनावरे

२०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीमुळे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मांसप्रक्रियेचे कारखाने बंद पडू लागले. डुकरे मात्र वाढायची थांबत नाहीत! वॉशिंग्टनच्या सरकारने देशभरच्या शेतकऱ्यांसाठी १६०० कोटी डॉलरची थेट मदत जाहीर केली. अर्ज काउंटीच्या कृषी कचेरीत घेतले गेले. मदतीचे माप होते दर जनावरामागे, दर बुशेलमागे. अर्थातच ज्याचा कळप मोठा, त्याची रक्कम मोठी. दरडोई अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली होती खरी; पण तीन राबत्या भागीदारांच्या कंपनीस ती साडेसात लाखांपर्यंत ताणता येई. उलट, कंपनीची डुकरे कराराने पोसणारा शेतकरी या योजनेत बसलाच नाही. जनावरे त्याच्या मालकीची नव्हती. शेडवरचे कर्ज तेवढे त्याचे होते. त्याच्यासाठी कायद्यात तरतूद झाली ती डिसेंबरच्या अखेरीस.