अख्खा गिअरबॉक्स बदलण्याआधी

वॉरंटी संपलेल्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पडेनासा झाला की बऱ्याचदा थेट अख्ख्या गिअरबॉक्सचं एस्टिमेट हातात पडतं. माझ्या मते ही घाई आहे. फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घ्या. त्यात बिघाड बहुधा मेकॅट्रॉनिक युनिटमध्ये (गिअर आणि क्लच चालवणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग) नाहीतर क्लच पॅकमध्ये असतो. दातेरी चाकं ठणठणीत असतात. मेकॅट्रॉनिकच्या अ‍ॅल्युमिनियम बॉडीला अ‍ॅक्युम्युलेटरपाशी (तेलाचा दाब साठवणारा भाग) केसाएवढा तडा जातो, तेलाचा दाब टिकत नाही आणि गाडी भर सिग्नलला न्यूट्रलमध्ये अडकते. डीएसजीच्या तक्रारींवरून 2013 मध्ये चीनमध्ये पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत मागवल्या होत्या. म्हणजे हे दुखणं जगजाहीर आहे. (गिअर ऑइल बदलून क्लचची थरथर जाईल, असं कोणी सांगितलं तर हसा. क्लच कोरडा आहे, गिअर ऑइलचा आणि त्याचा संबंधच नाही.)

‘एक पार्ट बदलला की महिन्याभरात दुसरा जातो,’ ही शंका रास्त आहे, पण ती तपासून मिटते. स्कॅनरवर क्लचची झीज दाखवणारे आकडे मिळतात. ते हद्दीबाहेर असतील तर दोन्ही कामं एकदम करा, एकच लेबर लागेल. चाकांचे दात तुटले असतील किंवा बेअरिंग घरघरत असेल तरच पूर्ण गिअरबॉक्स. एस्टिमेटला होकार देण्याआधी फॉल्ट कोडची प्रिंट मागा आणि काढलेला जुना पार्ट ताब्यात घ्या.