पन्नास गुण आणि पन्नास पैसे

उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्याची वीस वर्षे घालविलेल्या माणसास कोणत्याही गुणपत्रिकेविषयी स्वाभाविक कुतूहल असते. गेल्या हिवाळ्यात पुण्यास गेलो असता अशीच एक निराळी गुणपत्रिका पाहण्यात आली. माझा एक जुना विद्यार्थी, केज तालुक्यातील ज्वारी पिकविणाऱ्या घरातला, तेथे बियर तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात काम करतो. ‘पेल एल’ या प्रकारच्या बियरची परीक्षा कशी घेतात हे त्याच्या आग्रहावरून मी पाहिले आणि परीक्षकाच्या धर्मास जागून चार घोट चाखलेही. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही, हे आरंभीच नमूद करतो. माझे लक्ष पेल्याहून त्या कागदाकडे अधिक होते.

या पेयाचा आपल्या देशाशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसनच्या कारखान्यातून फिकट रंगाची बियर जहाजांनी मुंबई-कलकत्त्यास येऊ लागली. टिकावी म्हणून तीत हॉप्स या वेलीची कडवट फुले अधिक घालीत. पुढे बर्टन गावच्या कारखानदारांनी हा व्यापार काबीज केला; तेथील जिप्समयुक्त पाणी या कडवटपणास विशेष मानवते. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्यातून रूढ झाले. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या साहेबासाठी आलेली ही चव एतद्देशीय तरुणांसाठी पुन्हा अवतरली, ती २००९ साली पुण्यात ‘डूलॅली’ हा लघुमद्यनिर्मिती कारखाना निघाल्यानंतरच्या लाटेत.

आता त्या गुणपत्रिकेकडे वळू. अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेल्या बियर-परीक्षकांच्या एका संस्थेने ती प्रचारात आणली. एकूण गुण ५०. पैकी गंधास १२, रूपास अवघे ३, चवीस २०, तोंडात जाणवणाऱ्या पोतास ५ आणि एकंदर परिणामास १०. परीक्षकास कारखान्याचे नाव कळू देत नाहीत; आपल्याकडे उत्तरपत्रिकेवर फक्त बैठक क्रमांक असतो, तसेच हे. पेला तेलकट वा साबणाचा अंश राहिलेला नसावा. बियर अतिथंडही नसावी, कारण थंडीने जीभ बधिर होते आणि दोष झाकले जातात. प्रथम वास घ्यावयाचा, कारण तो सर्वांआधी उडून जातो. मग रंग आणि फेस पाहावयाचा. त्यानंतर घोट. मोड आणून भाजलेल्या सातूचा गोडवा आणि हॉप्सचा कडवटपणा यांचा तोल साधला आहे काय, घोट उतरल्यावर कडवटपणा स्वच्छ मावळतो की जिभेवर रेंगाळतो, हे तपासावयाचे. दोषांनाही नावे आहेत. लोण्याचा वास आला तर आंबविण्याची क्रिया नीट पुरी झाली नाही. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर मालास हवा लागली आहे अथवा तो शिळा आहे. मला पहिल्या घोटात केवळ कडू लागले. चौथ्या घोटास संत्र्याच्या सालीचा गंध ओळखू आला. जीभ तीच होती. मधल्या वेळात तिला शब्द मिळाले होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे जॉर्ज ॲकरलॉफ यांचा १९७० सालचा जुन्या मोटारींवरील प्रसिद्ध निबंध आठवेल. चांगला माल आणि वाईट माल यांतील भेद गिऱ्हाइकास कळत नसेल, तर तो दोहोंस सरासरी किंमत देऊ करतो; ती चांगल्या मालाच्या धन्यास परवडत नाही आणि तो बाजारातून उठून जातो. गुणपत्रिका हा भेद कळविण्याचे साधन आहे. लहान कारखानदार आपल्या पेल्यास चढा भाव मागू शकतो, तो काही अंशी या कागदाच्या बळावर.

परंतु कागदावर ज्याला रकाना नाही, त्याला किंमतही नाही. एक लिटर बियर तयार होण्यास सुधारलेल्या मोठ्या कारखान्यातही तीन-चार लिटर पाणी लागते. त्या पाण्यास ५० पैकी एकही गुण नाही. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य-कारखान्यांच्या पाण्यात प्रथम ५० आणि नंतर ६० टक्के कपात करावयास लावली, तेव्हा तो रकाना न्यायालयास भरावा लागला.

निघताना त्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, आमच्या ज्वारीला असे गुण कोणी देतं का हो?” या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. परतीच्या एस. टी.त मात्र तो माझ्या शेजारी बसूनच आला.

ज्वारीची सरकारी खरेदी ‘एफएक्यू’, म्हणजे साधारण सरासरी दर्जाच्या निकषावर होते. ओलावा १४ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, माती-कचरा नसावा, किडका-फुटका दाणा मर्यादेत असावा. चवीचा शब्द नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये आणि मालदांडीचा ३४२१ रुपये होता. अंतर ५० रुपयांचे, म्हणजे किलोमागे ५० पैसे! ज्या धान्याच्या भाकरीची चव आपण पिढ्यान्‌पिढ्या वाखाणतो, तिचे शासनदरबारी मोल एवढे. खुल्या बाजारात मालदांडीस भाव अधिक मिळतो हे खरे. पण तेथेही अडतीवर दाणा तळहातावर घेऊन पाहतात तो टपोरेपणा आणि मोत्यासारखी झळाळी. म्हणजे बियरच्या परीक्षेत ज्या रूपास ५० पैकी ३ गुण, त्यावरच येथे सारा निकाल लागतो.

आपल्याजवळ शब्द नाहीत असे मुळीच नाही. पिठाची ‘विरी’ गेली की नाही, हे आपल्या माता-भगिनी पीठ मळतानाच सांगतात. भाकरी थापताना चिरते काय, तव्यावर टम्म फुगून पापुद्रा सुटतो काय, दुसऱ्या दिवशी ती मऊ राहते की वातड होते, ही परीक्षा घरोघर रोज होते. हुरड्याच्या दिवसांत गुळभेंडीची कणसे वेगळी ओळखणारे लोक चवीच्या बाबतीत अडाणी कसे? उणीव आहे ती एवढीच की, स्वयंपाकघरातील हा निकाल बाजार समितीच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

२०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीस आणि बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकन गावाचे नाव सांगते. या वर्षीचा, या शेतातला माल किती सरस, हे सांगत नाही.

उत्तम ज्वारी महागली तर ऊसतोडीस जाणाऱ्या मजुराने काय खावे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. मात्र शहरी गिऱ्हाईक निवडक मालदांडीसाठी आजही अधिक दाम मोजते. त्यातला किती भाग शेतकऱ्याच्या पदरी पडतो, हा खरा प्रश्न आहे. शिवाय चांगले पिकविल्याचे काहीच फळ मिळाले नाही, तर ती जमीन सोयाबीन आणि उसाखाली जाते, आणि मग मजुराच्या ताटातली भाकरीही महागच होते.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये ज्वारी बाजारात येते. बाजार समिती, एखादे महाविद्यालय आणि गावातील बचत गट यांनी मिळून दहा शेतांची ज्वारी नावे झाकून दळावी, भाकऱ्या कराव्यात आणि अनुभवी गृहिणींनी गुण द्यावेत. गंध, चव, विरी, पोत आणि शिळी भाकरी असे पाच रकाने पुरेत. हवा तर पाण्यासाठी सहावा असावा, कारण त्यात आपली कोरडवाहू रब्बी ज्वारी कोणत्याही पेल्यास हार जाणार नाही. निकाल समितीच्या फळ्यावर भावाशेजारी लिहावा. पहिल्या वर्षी व्यापारी हसतील. मी माझ्या विद्यार्थ्यास पत्र लिहून त्या गुणपत्रिकेची एक प्रत मागविली आहे.